उधाणाची चूल

आमच्या घरात दोन चुली होत्या. एक रोजची, जमिनीवरची. दुसरी उधाणाची. ती सुटी, मातीची, दोन्ही हातांनी उचलता येईल एवढी. आढ्याखालच्या फळीवर पालथी घातलेली असायची. अमावास्या-पुनवेला खाडी फुगली की पाणी मागच्या खाजणातून चढत चढत आमच्या मागीलदारी यायचं, उंबऱ्याशी क्षणभर थांबल्यासारखं करायचं आणि घरात शिरायचं. आई आम्हाला उंच लाकडी माच्यावर चढवायची. माझी आते, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, पाण्यात उभी राहून फळीवरची चूल खाली काढायची, माच्याच्या कोपऱ्यावर मांडायची आणि तिच्यावर भात टाकायची. पाणी ओसरलं की मागं चिखल राहायचा, चिखलात कुर्ल्या, आणि कुडाला मिठाची पांढरी रेघ. घराची जमीन सुकली असं मी लहानपणी कधी पाहिलं नाही. वडील छातीच्या दुखण्यानं गेले. वैद्यानं दुखण्याला काहीतरी नाव दिलं होतं. आते म्हणायची, "ओलीन खाल्ला माजे भावाला."

हे मी कीव यावी म्हणून सांगत नाही. याच घरातून मी बी.ए. झालो. आमच्या कोळीवाड्यातला पहिला. ते मी लपवत नाही, आणि पाण्यात उभं राहून शिजवलेल्या भातावर झालो, हेही लपवत नाही. पण आज सांगायचं आहे ते नागूआतेविषयी, आणि तिच्याविषयी सांगायचं तर त्या चुलीपासूनच निघावं लागतं.

आमचं गाव तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, किहीम आणि श्रीवर्धनच्या मधलं एक बंदर. वर शहर, म्हणजे कचेरी, वकिलांची घरं, नारळी-पोफळीच्या बागा, म्युनिसिपालिटी. खाली खाडीकडे आमचा वाडा. वाड्याच्या मागं खाजण, म्हणजे भरतीचं पाणी येतं-जातं अशी खोलगट खारी जमीन. खाजणाच्या काठाला बाव. समुद्र हाकेवर असून त्या विहिरीचं पाणी इतकं गोड, की शहरातली माणसं उन्हाळ्यात घागरी पाठवायची. बावेच्या अलीकडे आमचं खळं, शेणानं सारवलेलं, जवळा वाळत घालायचं. ही सगळी चावडीच्या पटांगणाएवढ्या जागेत बसणारी दुनिया, आणि तिच्यात नागूआते सकाळपासून नुसती फिरत असायची.

ती बसत नसे. हे मी अलंकारानं म्हणत नाही, खरोखर बसत नसे. जेवायची ती मेढीला, म्हणजे घराच्या खांबाला, टेकून उभ्यानं, ताटली डाव्या तळहातावर. जाळं तुणायचं तर अंगणात येरझारा घालत, जाळ्याचा शेव मागं फरफटत. कोणी बोलायला आलं तर त्यानं तिच्या मागं चालायचं. मागाहून आलेलं अर्धं बोलणं वाऱ्यावर जायचं, आणि आते न ऐकलेल्या अर्ध्यालाही उत्तर द्यायची. "आते, जरा टेक की," असं कोणी म्हटलं की तिचा शब्द ठरलेला, "बसला तो भिजला." नवरा होडीवरून परत आला नाही तेव्हापासून ती माहेरी होती. हिरवं लुगडं, कपाळ मोकळं, कानात मात्र जडशीळ बुगड्या, आणि आवाज असा की वल्हवत असलेल्या होडीला काठावरून फिरवील.

तो आवाज तिची पोटाची नाही, पण मानाची कमाई होती. ती धवलारीण होती. आमच्या लग्नात भटजी असला तर बरा, नसला तरी अडत नाही. धवलारीण नसली तर लग्नच होत नाही. हळदीच्या आधी ती सवाष्णींना घेऊन बावेवर जाते, धवळे गात घागर भरते, आणि त्याच पाण्यानं नवरीला न्हाऊ घालते. आते धवळेसुद्धा मांडवाभोवती फिरत फिरतच म्हणायची. आणि सवय अशी जडली होती की भांडण काढलं तरी ते धवळ्याच्या चालीवर जायचं. शिव्या खाणाऱ्याला आधी वाटायचं, आपल्याला आशीर्वाद चाललाय.

सन पंचवीसच्या आसपासची गोष्ट. मी शहरातल्या हायस्कुलात वरच्या वर्गात होतो. म्युनिसिपालिटीला केर टाकायला जागा हवी होती. आधी बाजाराच्या मागं टाकत. तिथं वकिलांच्या माड्यांत वास जाऊ लागला. कोणीतरी आमच्या खाजणाचं नाव काढलं. ओव्हरसियर येऊन बघून गेला. आमचे हिराजी पाटील जमात, म्हणजे वाड्याची पंचायत, बोलावून विचारायच्या बेतात होते, तोवर आते शहरात जाऊन सांगून आली होती, "आमचे खाजनान सोडा गाड्या. उद्यापासून सोडा."

तिची चूक अगदी आमच्या लोकांची चूक होती. आमच्या वाड्यात केर म्हणून काही राहतच नसे. राख भांड्यांना, शेण खळ्याला, मासळीची डोकी माडाच्या मुळाशी, खवलं कोंबड्यांना. राहिलंच तर फुटकं मडकं. तेव्हा केर म्हणजे राख आणि खापरं, टाकलं की चार दिवसांत त्याची माती, असंच आते समजली. आम्ही सगळेच समजलो. खाजण भरेल, जमीन उंच होईल, पाणी घरात येणार नाही, खळं वाढेल. जमातीत कोणी शंकाच काढली नाही. पाटलांना तर होड्या ओढून घ्यायला पक्की जागा हवीच होती. त्यांनी जमातीच्या वतीनं लिहून दिलं.

पहिली गाडी आली तो दिवस मला अजून दिसतो. लखू गाडीवान बैल हाकत उताराला लागला आणि समोर बायकांचा घोळका बघून घाबरून थांबला. त्याला वाटलं, मार खायचा. आते पुढं झाली, बैलांच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं, शिंगांना झेंडूच्या माळा घातल्या, चाकावर नारळ फोडला आणि गायला लागली:

"ये गो लक्षुमी, गाड्यान बसून,
माजे दाराची खारी पुसून."

लखू जन्मभर केराची गाडी हाकत आलेला. शहरात त्याच्यासाठी लोक दार लोटून घेत, पाणी दिलंच तर वरून ओंजळीत ओतत. इथं त्याच्या गाडीला लक्ष्मी म्हणत होते. तो नुसता जू धरून उभा. गाडी उलटली, केराचा ढीग पडला, आणि मग आतेच्या मनात काय आलं कोण जाणे, ती धावत घरात गेली, फळीवरची उधाणाची चूल काढून आणली आणि दोन्ही हातांनी उंच धरून त्या ढिगावर आपटली. "ही माजी पयली पाटी!" म्हणाली. बायका हसल्या. आई मात्र हळूच म्हणाली, "चूल कशी फोडली गो बाय, चूल नव्हं फोडावी."

पहिली दोन-तीन वर्षं, खोटं कशाला बोलू, आम्ही सुखात होतो. उधाण आलं तरी उंबरा कोरडा. जमिनीवर चटई टाकून निजता यायला लागलं. मी अभ्यास जमिनीवर बसून केला आणि मॅट्रिक झालो. त्याचं श्रेय त्या केराला द्यायला हवं असेल तर द्यावं. मी मुंबईला कॉलेजात गेलो, आणि पुढचं सगळं सुट्ट्या-सुट्ट्यांनी बघितलं. त्यामुळे असेल, पण वाड्यातल्यांना हळूहळू जे कळलं ते मला दर खेपेला एकदम कळे.

एका खेपेला माशा होत्या. दारात पाऊल ठेवलं तर भातावर काळी चादर. पुढच्या खेपेला घुशी आणि कोल्हे. त्याच्या पुढच्या खेपेला ढीग आमच्या कुडापर्यंत पोचला होता आणि आतून धुमसत होता. उन्हाळ्यात केर आपोआप पेटायचा, विझवला तरी आत जळत राहायचा. आणि केर म्हणजे राख-खापरं नव्हती. शहरातल्या पत्रावळी होत्या, चिंध्या होत्या, गाद्यांचा कुजका कापूस, औषधाच्या बाटल्या, राकेलचे डबे, मेलेलं मांजर. आमच्या मातीला जे ओळखीचं नव्हतं ते ती खात नव्हती.

बंदरावरचे हसनमियां सुक्या मासळीचे व्यापारी. त्यांची गलबतं मुंबईला जात. आतेच्या खळ्यावरचा जवळा ते न बघता घेत आले होते. त्या सुट्टीत मी आतेबरोबर पाटी घेऊन गेलो. हसनमियांनी मूठभर जवळा उचलला, नाकाशी नेला, आणि एक कणही न सांडता परत पाटीत ठेवला.

"काय झाला चाचा?"

"नागूबाय, तुझ्या खळ्याचा माल मी आंख मिटून घेतला. अल्ला गवाह हाय. पण ह्याला केराचा धूर लागलाय."

"तुमच्या नाकाला लागला असंल."

"माझ्या नाकाला लागला असता तर मी नाक पुसला असता. तू खाऊन बघ."

आतेनं चिमूटभर तोंडात टाकला. चावला. तिचं चालतं अंग असं मध्येच थांबलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. मग ती बाजूला जाऊन थुंकली, पाटी डोक्यावर घेतली आणि घराच्या वाटेला लागली. खळ्यावर वाळत घातलेला सगळा जवळा तिनं स्वतःच्या हातानं गोळा केला आणि ढिगावर नेऊन ओतला.

मग बाव गेली. आधी पाणी मचूळ झालं, मग पिवळट, मग वर तेलकट तवंग. त्या पावसाळ्यात वाड्यात जुलाबांची साथ आली आणि लहानगी पोरं दगावली. कोणी म्हणालं देवीचा कोप झाला, कोणी म्हणालं बोकड द्यावा. आते दारोदार फिरून ओरडत होती, "देवीचा नाव नका घेऊ! बाव हुंगा, बाव!" आणि माणसं तिच्या तोंडावर म्हणाली, "हुंगतो. पन गाडीला कुकू कोनी लावला व्हता, नागूबाय?"

ते तिला लागलं. मला वाटतं, तिचं फिरणं आधी नुसती सवय होती, त्या दिवसापासून तिला कुठं थारा मिळेना. पहाटे उठून ती ढिगावर चढायची, गाडी येणाऱ्या वाटेवर उभी राहायची, गाडी आली की तिच्याबरोबर चालत लखूला शिव्या घालायची, गाडी रिकामी झाली की त्याला तांब्या भरून पाणी द्यायची; तेही आता शहरातल्या विहिरीवरून डोक्यावर आणलेलं. लखू म्हणायचा, "बाय, एक काय ते ठरव. शिव्या नाय तर पानी."

"गाडीशी माजा वैर हाय रे, तुज्याशी न्हाय. पी."

एकदा तिला ढिगात पितळेची पळी सापडली. मुठीवरच्या नक्षीवरून तिनं ओळखली, कारण मासळी विकायला शहरातल्या एका वकिलांचं घर ती वीस वर्षं चढत होती. मी सुट्टीवर होतो. मला बरोबर घेऊन ती थेट वकिलांच्या मागीलदारी गेली.

"वयनीबाय, तुमची पली माज्या आंगनान आली व्हती."

वहिनी हरखल्या. "अगो, महिनाभर शोधतेय! बस ना, चहा टाकते."

"बसत न्हाय. पली आनून दिली. आता तुमचा बाकीचा कवा नेताव?"

"बाकीचं काय?"

"सालां, केस, चिंध्या, पोराच्या औषधाच्या शिश्या. समदा माज्याच आंगनान हाय."

वहिनी खरोखर गोंधळल्या. वाईट बाई नव्हत्या त्या. म्हणाल्या, "नागू, आम्ही का तुझ्या अंगणात टाकतो? आम्ही आपलं दारातल्या पेटीत टाकतो."

"पेटीला पाय हायत गो बाय," आते म्हणाली आणि वळली. वहिनी पळी हातात धरून उभ्याच होत्या. मी तेव्हा अर्थशास्त्र शिकत होतो. एवढ्या नेमक्या शब्दांत माझ्या प्राध्यापकांनी काही सांगितल्याचं आठवत नाही.

त्याच आठवड्यात आम्ही म्युनिसिपालिटीत गेलो. मी कोट घातला होता. अध्यक्षसाहेबांशी इंग्रजीत बोलायची तयारी केली होती, आणि बोललोही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मला बसायला खुर्ची दिली, आतेलाही दिली. ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

अध्यक्ष मराठीत म्हणाले, "बाई, तुम्हीच मागितलं होतं. तुम्ही नारळ फोडलात. मी तिथं नव्हतो, पण अख्ख्या शहरानं ती गोष्ट ऐकलीय."

"व्हय. मीच फोडला."

"मग?"

"फोडलेला नारल जोडता येत न्हाय साह्येब. पन गाडी तं थांबवता येतंय."

ते हसले, पण टाळायला म्हणून नाही. म्हणाले, "जागा जमातीची. जमातीनं लिहून दिलंय. पाटलांनी जमातीचा शब्द मागं घेतला तर मला सभेपुढं काही ठेवता येईल. एकट्या बाईच्या सांगण्यावरून गाड्या वळवल्या तर उद्या प्रत्येक आळी येईल."

म्हणजे गाठ पडली ती आमच्याच पाटलांशी. भरलेल्या जागेवर हिराजी पाटलांनी होड्यांची खोप घातली होती. बाव बिघडली तर त्यांच्या घरी गडीमाणसं होती, शहरातून पाणी यायचं. जमातीत आतेनं विषय काढला की ते म्हणायचे, "थोडा भराव राह्यलाय. भरला का गाड्या आपोआप बंद."

आणि याच पाटलांच्या राघोशी माझ्या बहिणीचं, काशीचं, लग्न ठरलेलं होतं. आतेनंच ठरवलं होतं. काशीला तिनं अंगाखांद्यावर वाढवलेलं. ती पाटलांच्या घरात पडणार म्हणून वर्षभर आते हवेत होती. लग्नसराई आली. पाटलांनी तांदूळ दळायला काढले. आणि आतेनं अंगणात उभं राहून सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "ह्या वर्सा मी गानार न्हाय. कुनाच्याच लग्नान गानार न्हाय."

पाटील स्वतः आमच्या दारात आले. "नागूबाय, तुझी सोत्ताची भाची हाय ना गो ती."

"म्हनून तं. ज्या पान्यान माशी मरतंय त्या पान्यान पोरीला न्हाऊ घालू?"

"शहरातना पानी आनू."

"वाड्याची सून वाड्याच्या बावेचे पान्यान न्हातंय. शहराच्या पान्यान न्हायली तं ती शहराची सून. मंग शहरान पाठव नांदायला."

आई घरात रडकुंडीला आली. "आत्याबाय, पोर उजवायची हाय, मुनशिपालटी नव्हं." सगळ्यांत शांत काशी होती. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मी थांबन गो आय. त्या पान्यान न्हायले तं हळदीच्या जागी खरूज चढंल." आते तेवढंच हसली त्या महिन्यात.

पाटीलही काही कच्चे नव्हते. त्यांनी किहीमकडची एक धवलारीण बोलावली. चांगूबाय नाव, आतेपेक्षाही म्हातारी, लांबलांबच्या वाड्यांत मान असलेली. मांडव पडला. वाजंत्री आली. बायका नटून घागर घेऊन बावेवर निघाल्या. आते एका माडाला टेकून, म्हणजे तिच्या हिशेबानं जवळजवळ बसूनच, बघत होती. तिचा चेहरा मला वाचता आला नाही. चांगूबाय गायली असती तर आतेचं वाड्यात काही उरलं नसतं, ना मान ना भाची. पाटलांनी तिला दाराबाहेरच उभं केलं असतं.

चांगूबायनं पहिली ओळ उचलली आणि घागर बावेत सोडली. वर ओढली. आमच्यात धवलारीण भरल्या घागरीतलं ओंजळभर पाणी आधी आपल्या डोळ्यांना लावते. तिनं ओंजळ तोंडाशी नेली आणि तिथंच थांबली. वाजंत्री वाजतच होती. तिनं हात झटकला.

"नागूबाय खंय हाय? म्होरं ये."

आते पुढं झाली.

"तू ह्या पान्यावं गायली असतीस?"

"न्हाय."

"मंग मना कसाला बोलावला? मी काय मढ्याला न्हाऊ घालतंय?" आणि चांगूबायनं घागर ओतून दिली आणि बावेच्या कठड्यावर पालथी घातली.

पालथी घागर म्हणजे लग्न फिरलं. सनईवाला कोणी न सांगता थांबला. पाटील सगळ्या पाहुण्यांसमोर उभे, डोक्याला नवा फेटा. राघो, नवरदेव, बापाकडे बघून म्हणाला, "बाबा, जमात बोलवा." मला तो मुलगा त्या दिवशी आवडला.

जमात मांडवातच बसली. दुसऱ्या दिवशी पाटील म्युनिसिपालिटीत गेले, या खेपेला सगळी जमात मागं घेऊन, आणि शब्द मागं घेतला. सभा चालढकल करायला लागली तेव्हा पाटलांनीच वाड्याला फर्मावलं, शहरात मासळी जायची नाही. शहरातली घरं वरणभातावर आली तेव्हा सभेला वेळ सापडला.

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. दुसरी कोणी असती तर संपली असती. सभेनं ठरवलं, गाड्या डोंगराच्या पायथ्याशी जातील. वाड्यात गूळ वाटला. आते मात्र दुसऱ्या सकाळी लखूच्या रिकाम्या गाडीबरोबर चालत जागा बघायला गेली. लखूनं बस म्हटलं तरी बसली नाही. संध्याकाळी परत आली ती थेट पाटलांच्या ओटीवर.

"तितं मानसां हायत."

"कातकऱ्यांच्या चार खोपी हायत," पाटील म्हणाले. "ती काय, आज हितं उद्या तितं."

"शहराला आपन पन तशीच दिसलो व्हतो. मी माजी चूल फोडली ती फोडली. दुसऱ्याची फोडनार न्हाय."

पाटलांनी कपाळावर हात मारला. सगळा वाडा तिच्यावर चिडला, मीही चिडलो, कारण हे मिटल्याशिवाय आते गायला तयार नव्हती, आणि काशीचं लग्न आणखी एक सराई पुढं गेलं. आते पुन्हा शहराच्या वाटेला लागली. वकिलीणबाईंना भेटली, बागायतदारांना भेटली, अध्यक्षांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून पुन्हा उभी राहिली. लखू सांगायचा की बागवाले त्याच्याकडे राख आणि पालापाचोळा मागून नेतात; ते आतेनं अध्यक्षांच्या कानावर घातलं. हळूहळू असं ठरलं की राख, पाला, शेण बागांना खतासाठी जायचं, आणि उरलेलं वस्तीपासून दूर, उजाड माळावर, चर खणून मातीखाली पुरायचं. हे सगळं एकट्या आतेनं घडवलं असं मी म्हणणार नाही. पण ती घरी बसली असती तर घडलं नसतं, हे मी छातीला हात लावून सांगतो.

शेवटचा प्रश्न खाजणाचा होता. भरावानं पाण्याची वाट बुजली होती. भरती आत येऊन अडायची, कुजायची, आणि उधाणाला खालच्या आळीतल्या घरांत चढायची, जिथं पूर्वी कधी पाणी गेलं नव्हतं. भराव फोडून चर काढल्याशिवाय गत नव्हती. चराचं तोंड आमच्या मागीलदारी यायचं. पाटलांनी, हे त्यांचं मोठेपण, आधी आतेला विचारलं.

"नागूबाय, पयला पानी तुज्याच घरान शिरंल. पयल्यावानी."

"शिरू दे. माजे वलखीचा हाय तो."

चर वाड्यानं मिळून खणला. खणताना ढिगाच्या पोटातून सगळ्यात खाली एक खापर निघालं, काजळी लागलेलं. आमच्या चुलीचं असेल, नसेलही. आते त्याच्याकडे बघून पुढं गेली.

बी.ए.चा निकाल लागल्यावर मी घरी आलो ते नेमकं पुनवेला. काशी त्याआधीच, वैशाखात, पाटलांच्या घरी गेली होती. देवळामागच्या चढावर खणलेल्या नव्या बावेच्या पाण्यानं न्हाऊन, आणि आते मांडवाभोवती इतकी फिरली म्हणे की वाजंत्रीवाले तिच्यामागं धापा टाकत होते. मी लाँचीतून उतरून घराकडे आलो तेव्हा भरती लागली होती. मागीलदारानं आत गेलो. पाणी घरात होतं, घोट्याच्या वर, स्वच्छ, खारं. माच्याच्या कोपऱ्यावर नवी उधाणाची चूल मांडलेली, तिच्यावर कालवण रटरटत होतं. आणि माच्याच्या कडेला नागूआते बसली होती. पाय पाण्यात सोडून, लुगड्याचा काठ भिजलेला, पाठ मेढीला.

मी निकाल सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच बोललो. "आते, बसलीस?"

"भिजायचाच हाय, तं बसून भिजतंय," ती म्हणाली. "पास झालास का?"

"झालो."

"मंग पाय धू नि जेव. पानी उतराय अजून येल हाय."

तिला तशी बसलेली मी तेवढीच पाहिली. पुढच्या खेपेला आलो तेव्हा ती नव्हती.

केराच्या गाड्या आमच्या वाड्यात परत आल्या नाहीत, कातकऱ्यांच्या खोपींकडेही गेल्या नाहीत. जुनी बाव अजून बंद आहे; नव्या बावेचं पाणी गोड आहे. खळ्यावर जवळा वाळतो आणि हसनमियांची मुलं तो घेतात. आमच्या घरात उधाणाला पाणी येतं.